साडेबारा इंचांचा दस्ता

सकाळी सात वाजता दिल्लीतल्या मयूर विहारमधून पोलीस ठाण्यात फोन आला. घरातली परवान्याची रायफल चोरीला गेली होती.

सब-इन्स्पेक्टर समता रामटेके वीस मिनिटांत तिथे पोहोचली. दारावर पाटी होती, ‘वाल्मीक ढोके’. ती सरळ मराठीत बोलली.

“काका, मी नागपूरची. सावकाश सांगा.”

वाल्मीक ढोके बहात्तर वर्षांचे, सहा फुटांच्या वर उंच. संरक्षण खात्यातून निवृत्त झालेले. बाल्कनीशेजारच्या लहान खोलीत त्यांनी सुतारकामाचं टेबल मांडलं होतं. त्यावर पटाशा, कानशी, काचपेपर आणि जवसाच्या तेलाची बाटली. भिंतीशी लोखंडी कपाट होतं. कुलूप न तोडता उघडलेलं.

“कसली रायफल?”

“सेमी-ऑटोमॅटिक, पॉइंट टू-टू. प्रशिक्षणाच्या जुन्या साठ्यातली, लिलावात घेतलेली. वर्षभर मी तिला अक्रोडाच्या लाकडाचा नवा दस्ता, खांद्याला टेकवायचा भाग, बनवत होतो.”

“किल्ली?”

“कॅलेंडरमागे, खिळ्याला. माझ्या मुलाला, प्रफुल्लला माहीत आहे. वरच्या मजल्यावरच्या जयेशलाही.”

“गोळ्या?”

“मॅगझिन आणि गोळ्या त्या वेगळ्या पेटीत. पेटी आहे तशीच आहे.”

समताने पेटी उघडायला लावली. सगळं जागेवर होतं. पेटीचीही किल्ली त्याच खिळ्याला होती.

टेबलावर एक वही होती. कामाची रोजची नोंद. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, ‘जुना दस्ता चौदा इंच. नवा साडेबारा.’ मग लाकूड, माप, तेलाचे हात. शेवटची नोंद परवाची. त्यानंतरचं पान फाडलेलं होतं; शिलाईत कागदाची चिंधी अडकून राहिली होती.

“हे पान तुम्ही फाडलं?”

“नाही.” म्हातारा गोंधळला. “काल लिहिलं होतं मी.”

“काय?”

“काही नाही. कामाचंच.”

“काका, तुम्ही एवढे उंच. साडेबारा इंच तुम्हाला आखूड नाही पडणार?”

वाल्मीक खिडकीबाहेर बघत राहिले. “माझ्यासाठी नव्हताच. श्रावस्तीसाठी. माझी मुलगी. ती नेमबाजी करायची. जुना दस्ता तिला लांब पडायचा. करून देईन, करून देईन म्हणत राहिलो. दोन वर्षांपूर्वी ती गेली. नोएडात रस्त्यावर अपघात झाला.”

समताने वही मिटली.

“काल काय काय केलंत?”

“संध्याकाळी पाच वाजता दस्त्याच्या खालच्या बाजूला तिचं नाव कोरलं. वरून तेलाचा शेवटचा हात दिला. सहाला रायफल कपाटात ठेवली. प्रफुल्ल तेव्हा ऑफिसात होता, सातला आला. मग जयेश चहाला आला. बघू दे म्हणाला. मी नाही म्हटलं, तेल ओलं होतं. आठला तो बाहेर जायला निघाला, त्याला खाली गेटपर्यंत सोडायला गेलो. आज सकाळी बघतो तर कपाट रिकामं.”

“नाव कोरल्याचं कुणाला सांगितलंत?”

“कुणालाच नाही.”

जयेश जिन्यातच भेटला. पन्नाशीचा, रायफल क्लबचा सभासद.

“तुम्हाला ती रायफल विकत हवी होती?”

“बिल्कुल हवी होती. तीनदा विचारलं.”

“काल तुम्ही हॉलमध्ये एकटे होतात?”

“दहा मिनिटं असेन. ढोकेसाहेब चहा करत होते. पण मॅडम, मला न्यायचीच असती तर मॅगझिन सोडून कशाला नेली असती? आणि नवा दस्ता कसा झालाय हेसुद्धा मी अजून बघितलेलं नाही.”

प्रफुल्ल हॉलमध्ये बसला होता. चाळिशीचा, एका केंद्रीय मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आणि या सोसायटीचा सेक्रेटरी. ऑफिसचे कपडे घातलेले, पण बूट हातातच.

“काल बाबांच्या खोलीत गेला होतात?”

“नाही. महिनाभर गेलेलो नाही.”

“का?”

“काय बघायचं तिथे? त्यांना दुसरं काही दिसतच नाही, मॅडम. दस्त्याच्या खाली तिचं नाव कोरायचं, त्याला तेल चोळत बसायचं. मी समोर असतो, पण मी दिसत नाही.”

समताने पेन खाली ठेवलं.

“वाल्मीककाका, तुम्हीही इथे बसा.”

ते येऊन बसले. समता शांतपणे बोलू लागली.

“चोराने रायफल नेली आणि गोळ्या ठेवल्या, त्यांची किल्ली त्याच खिळ्याला असूनही. म्हणजे त्याला ती वापरायची नव्हती, विकायचीही नव्हती. ती काकांच्या हाती राहू नये, एवढंच त्याला हवं होतं. वहीतलं एक पान फाडलं, तेही कालचंच. म्हणजे त्या पानावरचं वाचूनच त्याने हे केलं. आणि प्रफुल्लजी, ते नाव काल पाचला कोरलं. सहाला कपाटाला कुलूप लागलं. तुम्ही सातला आलात आणि खोलीत गेलाच नाहीत, तर दस्त्याखालचं नाव तुम्हाला कसं माहीत?”

प्रफुल्लने बूट जमिनीवर ठेवले. मग पाकिटातून घडी केलेला कागद काढून तिच्या हातात दिला.

‘नाव कोरलं. काम संपलं. आता माझं इथे काही राहिलं नाही.’

“बाबा खाली गेले होते तेव्हा खोलीचं दार उघडं दिसलं,” प्रफुल्ल म्हणाला. “वही उघडी होती. लिफ्टच्या मशीनरूमची किल्ली माझ्याकडे असते. रायफल चादरीत गुंडाळली आणि वर ठेवून आलो. पेटीतल्या गोळ्याही हलवाव्यात हे सुचलंच नाही. घाईत होतो.”

“मग सकाळी त्यांना का नाही सांगितलं?”

“सांगायचं तर हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारावं लागलं असतं. तोवर त्यांनी फोन केला होता.”

समता म्हाताऱ्याकडे वळली. “काका, याचा अर्थ प्रफुल्लने लावला तोच होता का?”

खाली भाजीवाला ओरडत होता.

“लिहिताना तोच होता,” वाल्मीक म्हणाले.

मशीनरूममध्ये रायफल सापडली. ओल्या तेलाला चादरीचे धागे चिकटले होते. वाल्मीकांनी स्वतःच अर्ज लिहिला: रायफल, गोळ्या आणि परवाना ठाण्यात जमा करून घ्यावा. समताने एका डॉक्टरांचा नंबर प्रफुल्लच्या फोनमध्ये घातला आणि आजच दुपारची वेळ तिथल्या तिथे घ्यायला लावली.

“तू मला विचारायचं होतंस,” वाल्मीक मुलाला म्हणाले.

“तुम्ही तरी मला कुठे सांगितलंत?”

“तू तिचं नावच घेत नव्हतास.”

“मला घेता येत नव्हतं, बाबा.”

समता जिना उतरू लागली. मागे प्रफुल्ल ऑफिसला फोन करून, आज येत नाही, असं हिंदीत सांगत होता. पलीकडून कारण विचारलं असावं.

“मेरी बहन,” तो म्हणाला, “श्रावस्ती.” आणि त्यापुढे त्याला बोलता येईना, तेव्हा वाल्मीकांनी फोन त्याच्या हातातून घेतला.