शेवाळलेलं तळं

“मावशी, धाव! तळ्यात शेवाळ झालंय!” बटाट्या ओरडला.

ताई आणि चिमणी धावल्याच! ही तिघं मावसभावंडं सुट्टीला मावशीकडे आली होती आणि दिवसभर तिच्या स्टुडिओतच लुडबुडत होती. टेबलावर आजोबांनी तरुणपणी काढलेल्या चित्रांचं पुस्तक उघडं होतं. मूळ चित्रं केव्हाच हरवली, उरली ती ही एकच छापील प्रत. तिच्यातलं संध्याकाळचं तळं इतकं निळं, इतकं शांत होतं की बघता बघता आपण होडीत पडून हळूहळू डुलतोय असंच वाटायचं. पण स्कॅन होऊन पडद्यावर आलेलं तळं? हिरवट, गढूळ!

मावशी रडकुंडीला आली. “संध्याकाळी फाइल छापखान्यात द्यायचीय! आणि तुमचे आजोबा म्हणतात, तो निळा येणार नसेल तर पुस्तक पुन्हा छापूच नका.”

“मशीन म्हातारं झालंय, दुसरं काय!” स्कॅनरपाशी बसलेले काका म्हणाले. “कालच तर रंगाचं कार्ड दाखवून त्याचे रंग जुळवले.”

“कसलं कार्ड?” चिमणीने विचारलं.

“ते बघ, खिडकीत लावलंय. त्यावरच्या चौकोनांवरून मशीन ठरवतं, कुठला रंग कसा दिसायला हवा. सुंदर आहे ना? उन्हात काय चमकतं!”

आता काय बोलावं या काकांना! चिमणीने कार्डाला लावलेला चिमटा सोडवला आणि डोळे विस्फारले.

“अय्या! चिमट्याखालचा पिवळा बघा कसला झगझगीत! बाकीचा पार विटलाय!”

“उन्हाने!” ताई उडालीच. “मशीनला वाटतंय, कार्डावरचा पिवळा झगझगीतच आहे, आपल्यालाच तो फिका दिसतोय. म्हणून ते सगळीकडे जास्तीचा पिवळा ओततंय. आणि निळ्यात पिवळा मिसळला की...”

“हिरवा!” बटाट्या किंचाळला.

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. ते गुपचूप कपाटातून नवं, अजून न फोडलेलं कार्ड घेऊन आले.

रंग पुन्हा जुळवले. मशीनमधला उजेड पानाखालून सावकाश सरकू लागला. पडद्यावर थोडं थोडं करत तळं भरत आलं. निळं! गर्द निळं! खोलीत जणू पाण्याचा गारवा आला होता.

मावशीने आजोबांना हाताला धरून आणलं. त्यांची नजर अलीकडे अधू झाली होती. ते पडद्याला नाक लावून कितीतरी वेळ बघत राहिले.

“तुमच्या आजीला मी याच पाण्यावर पहिल्यांदा पाहिलं,” ते हळूच म्हणाले. मग त्यांनी तिघांना जवळ ओढलं. “शाबास रे पोरांनो! छापा पुस्तक!”