मशालवाली मरणार नाही

पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये एका अनोळखी माणसावर मी डाफरले. डाफरणारच. माझी पहिली मोठी भूमिका, अंधाऱ्या भुयारात राक्षस मारत उतरायचा गेम, त्यातल्या मशालवालीला मी आवाज देणार... आणि संवादांची पानं उघडली तर काय? "आह", "वाचवा", आणि तिसऱ्या मजल्यावर मरण.

"कोणत्या अकलेच्या कांद्यानं लिहिलंय हे?"

"मी," तो म्हणाला.

"बरं झालं, शोधायचा त्रास वाचला. ती का मरते?"

"नायकाला राग यावा म्हणून."

"त्याला राग यायला मी मरू? अहो, मला जन्मापासून राग आहे. आई म्हणते, नाकाच्या शेंड्यावर घेऊनच आलीस. तो वापरा की."

तो हसला. छान हसतो, याचाही राग आला.

स्टुडिओत माईकसमोर उभी राहून मी सांगून टाकलं, मरणार नाही. गेम ज्यांचा ते साहेब म्हणाले, "मग दुसरी मुलगी बघू." एवढ्या वर्षांनी मिळालेलं काम मी स्वतःच्या तोंडानं घालवलं होतं.

तेवढ्यात काचेपलीकडून लेखकमहाशय म्हणाले, "सर, मशाल तिच्याच हातात आहे. ती मेली तर पुढचे मजले दिसणार कसे?"

साहेबांनी पानं पुन्हा पहिल्यापासून चाळली. एवढ्या हुशार लोकांत हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

नवी पानं आली. त्यात मशालवाली नायकाला झापत होती, "तुला राग यायला मी मरू?"

"माझं भांडण चोरलंस," मी म्हणाले. अहोजाहो लिफ्टमध्येच राहिलं होतं.

"तुझंच तुला परत दिलं," तो म्हणाला. मग रोजच भांडलो. संवादांवरून, चहावरून, पंख्यावरून.

शेवटचा प्रसंग आला. भुयाराचं शेवटचं दार. नायकाला आवाज देणारा नट वेगळ्या दिवशी यायचा, म्हणून त्याची वाक्यं हा लेखकच काचेमागून वाचायचा. माझ्या हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला, "तू भांडली नाहीस ना, की त्या दिवशी मला... काही गोड लागत नाही."

मी पान उलटून पाहिलं. "हे इथे नाहीये."

"नाही," तो म्हणाला. "ते... माझं आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतके दिवस पोटात ठेवलं, आणि आता सांगतोय तेही काचेआडून.

"राक्षसांशी मी लढायचं, आणि तुला एक दार उघडवत नाही? ये इकडे."

रेकॉर्डिंगवाले काका खाली मान घालून वायर गुंडाळायला लागले. दार उघडलं. तो समोर उभा, कान लालबुंद.

"रागावलीस?"

"खूप. आता तोंडावर बोल."

तो बोलला. अडखळत, पण सगळं बोलला. मी त्याचा हात धरला तो सोडलाच नाही.

माईक चालूच होता. गेममध्ये शेवटच्या दाराशी मशालवाली कडाडते ना, "तुला एक दार उघडवत नाही?", ते तेव्हाचंच. काकांनी नंतर पुन्हा म्हणवून घेतलं, मी खूप प्रयत्न केला, पण तेवढा राग काही परत आला नाही.