टँकरच्या रांगेत

फोटो काढायच्या नादात मिठागराच्या बांधावरून घसरले आणि थेट चिखलात बसले!

“फोटो आला का नीट?” वरून आवाज आला. उंच, सावळा, हातात फावडं... आणि डोळ्यांत हसू.

“हसताय काय? हात द्या की!”

त्याने हात दिला. तो प्रणित. मी रोह्याची सुरभी, पेणजवळच्या त्या गावात मैत्रिणीच्या हळदीला आलेली, आणि हळदीआधीच माखलेली. त्याचं घर जवळच होतं. अंगणात पाण्याचं पिंप दिसलं, तशी मी तांब्यावर तांब्या ओतून पाय लख्ख धुतले. आमच्याकडे कुंडलिका नदी, दारात नळ. पाणी मोजून वापरायची सवय कुणाला? त्याची आई, कृष्णाबाई, दारातून बघत राहिली. रागावली नाही. उलट चहा दिला.

निघताना ती रिकामा हंडा घेऊन शेजारणीकडे जाताना दिसली आणि माझी ट्यूब पेटली.

“ते प्यायचं पाणी होतं?”

“व्हय. टँकर आता मंगळवारी.”

“मग मला थांबवलं का नाय?”

“पाय... बरे दिसत होते,” तो म्हणाला आणि स्वतःच लाजला.

झालं! फोन सुरू झाले. दर रविवारी तो गाडी पकडून रोह्याला यायचा. नदीकाठी बसून जगभरच्या गप्पा मारायचा, पण नेमकं तेवढंच विचारायचा नाही. असं वर्ष गेलं.

“तू विचारत का नायस?” शेवटी मीच म्हणाले.

तो पाण्याकडे बघत राहिला. “आमच्या खारेपाटात गोडं पानी नाय, म्हनून पोरी देत नाय कोन. तू नदीवरची. दोन महिन्यांत कंटाळशील... मला तू सुखात पायजे, सुरभी.”

असा राग आला! माझं सुख ठरवणारा हा कोण? घरी आईचंही तेच पालुपद. “नळ सोडून हंडा घेशील डोक्यावर?”

“नळ तर जन्मापासून हाय, आई. पण मी मनापासून हसते कधी, ते सांग.”

आईने माझ्याकडे पाहिलं. “रविवारी,” ती हळूच म्हणाली.

मंगळवारी मी रजा टाकली, प्रणितचं गाव गाठलं आणि कृष्णाबाईच्या हातातून हंडा घेऊन रांगेत उभी राहिले. ऊन मी म्हणत होतं. पुढच्या पुतळीआजीने मला खालून वर न्याहाळलं. “कोनाची गो तू?”

सगळ्या बायका वळल्या. कामावरून सुटून आलेला प्रणित बाइक तशीच धरून उभा होता. मी मान ताठ केली.

“प्रणितची,” मी खणखणीत सांगितलं.

रांगेत एकच हशा उठला. आजीने माझ्या पाठीवर थाप मारली. तो जवळ आला, कानापर्यंत लाल होऊन.

“विचारू का गो... आता?”

“आता कशाला? उत्तर अख्ख्या गावाने ऐकलंय.”