गवताखालचा तळ

तूवा फेरीबोटीतून आल्मशेर बेटावर उतरली मात्र, एका लांबलचक काठीचा फटका तिच्या टोपीला बसला आणि टोपी थेट पाण्यात!

"माफ करा हं!" फेरीबोट चालवणाऱ्या योआरने वाकून टोपी उचलली, पिळली. "त्या लेझरवाल्यांवरच्या रागात काठी फिरली. विमानातून प्रकाश मारायचा, शहरात बसून पाण्याची खोली काढायची, आणि म्हणे खाडी उथळ, फेरी बंद करा! एकेकाला धरून बुचकळून काढायला हवं."

"काढा की… त्यांतलीच एक समोर उभी आहे."

योआरचे कान लालबुंद झाले. तूवाचा नकाशा पक्का झाला की फेरी बंद, आणि त्याला पोटासाठी नॉर्वे गाठावं लागणार होतं.

"मग आधी कॉफी पाजतो," तो म्हणाला. "बुडवायचं नंतर बघू."

कॉफी झाली, वेलचीचे पाव झाले, आणि दोघं होडीतून खाडीत गेली. लेझरने जिथे तळ दाखवला होता, तिथे काठी पाण्याखालच्या मऊ गवतातून आत… आणखी आत… मग ठक्!

तूवाने कपाळावर हात मारला. लेझरचा झोत एकदा पाण्याच्या वरच्या थरावरून परततो, एकदा तळावरून. मधल्या वेळेवरून खोली निघते. इथे गवतावरूनही झोत परतला होता आणि तिने त्यालाच तळ मानलं होतं. खऱ्या तळाची खूण त्याच्या मागे होती, पण पुसट.

"चूक माझी," ती म्हणाली.

"वरचं गवत बघून तळ ठरवलात होय? माणसांनाही असंच मोजता?"

"माणसांना… दोनदा मोजते."

आणि खरंच, पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली. काम काही नव्हतं.

"तुमच्या खाडीचं काम मी सोडलं," तिने धक्क्यावरच सांगून टाकलं. "सिग्ने म्हणून माझी मैत्रीण आहे, तिच्याकडे दिलं."

योआरचा चेहरा पडला. "म्हणजे आम्हाला वाऱ्यावर सोडलंत!"

"ऐकून तर घ्या! नोंदी पुन्हा तपासताना, जिथे तळाची खूण नाही तिथेही मला खोल तळ दिसायला लागला. मला तो खोलच हवाय, योआर. अशा माणसाने मोजायचं नसतं. आमच्याकडे तसा रिवाज आहे… आणि कारण सगळ्यांसमोर सांगावं लागतं."

"काय… काय सांगितलंत?"

"फेरीबोटवाला आवडतो म्हणून."

योआरने सोडत आणलेला बोटीचा दोर पुन्हा खुंट्याला बांधून टाकला. फेरीतून एक आजी ओरडल्या, "अरे बाबा, काय ते हो म्हण आणि दोर सोड! माझी डॉक्टरची वेळ चुकतेय."

"हो," योआर म्हणाला. मग हळूच, "आणि सिग्नेला पाणी उथळच दिसलं तर?"

"तर नॉर्वेलाही समुद्र आहे. तोही कुणीतरी मोजायलाच हवा ना?"

सिग्नेचा निकाल नंतर आला: एका खडकाला वळसा घाला, फेरी चालू ठेवा. तोवर ही दोघं केव्हाच अरे-तुरेवर आली होती.