शेवट ऐकायचा तर वर ये

टोपली वर ओढली, तर तिच्यात पाव नव्हते. एक जाडजूड पुस्तक होतं!

आमच्या अलेक्झांड्रियाच्या जुन्या गल्लीत दोरीला बांधलेल्या टोपल्या दिवसभर खाली-वर होत असतात. जिने उतरायचा कंटाळा, दुसरं काय? मी पुस्तक उघडणार, तोच खालून हाक आली.

"अहो, ती टोपली माझ्या बहिणीची ना?"

मी वाकून पाहिलं. पावसात निथळणारा एक उंच तरुण तोंड वर करून उभा होता.

"तुमची बहीण शेजारच्या सज्ज्यात. तिची टोपली हिरवी, ही निळी."

"भिजल्यावर सगळ्या सारख्याच दिसतात हो! भाचीसाठी आणलंय. सोडा ना खाली…"

"सोडते. एक पान वाचून."

ते पान मी त्याला ऐकू जाईल असं वाचलं, पण ते काही एक राहिलं नाही, आणि पुस्तक माझ्याकडेच राहिलं. झुमुर्रदा नावाची एक मुलगी होती. तिने शिंपल्यांचे शिडाएवढे कान लावलेली होडी बनवली होती. कानांनी ऐकत ऐकत होडी पुढे जायची, आणि तिच्यातले शोधक निघाले होते वारा जिथे जन्मतो ती जागा शोधायला! मी शाळेत गणित शिकवणारी बाई. तरी माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खाली हजर.

"पुढे काय झालं? भाची विचारतेय."

"भाची… की तुम्ही?"

तो कानापर्यंत लाल झाला. "मीच."

मग काय, मी पुढचंही सज्ज्यातूनच मोठ्याने वाचायला लागले. त्याचं नाव मुराद. जहाजाच्या इंजिनावर काम करायचा. वादळामुळे बंदर बंद होतं, म्हणून घरी होता. रोज दुपारी तो समोरच्या कहवाखान्याच्या पायरीवर येऊन बसायचा. हळूहळू कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले अम्म शहाता, म्हणजे आमचे शहाताकाका, इस्त्री बाजूला ठेवून ऐकू लागले. होडी ढगांत शिरली, कानांना पहिल्यांदा ताऱ्यांचा आवाज ऐकू आला, तेव्हा अख्खी गल्ली चिडीचूप होती. मुरादचं तोंड उघडं ते उघडंच! मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर एवढं नवल मी कधीच पाहिलं नव्हतं. माझं लक्ष पुस्तकातून उडून खालीच जायचं… आणि मी तीच ओळ पुन्हा वाचायचे.

"ताऱ्यांचा आवाज दोनदा आला वाटतं?" तो मिश्कीलपणे विचारायचा.

"चांगली गोष्ट दोनदा ऐकावी!"

पानं मात्र संपत आली. मी मुद्दाम सावकाश वाचू लागले. पुस्तक संपलं की हा कशाला येईल? हा एकच घोर मला लागला होता. मनातलं तो बोलत नव्हता, आणि मी तरी कशी बोलणार?

एके दुपारी तो पळतच आला.

"नहला! बंदर उघडलं. रविवारी निघतोय मी. शेवटचं प्रकरण… आजच वाचाल?"

म्हणजे याला फक्त गोष्टच हवी होती! मला असा राग आला… मी पुस्तक फाडकन मिटलं.

"नाही वाचणार! शेवट ऐकायचा तर वर ये!"

बोलून गेले आणि जीभ चावली. आमच्या गल्लीत परक्या पुरुषाला मुलीच्या दाराशी यायचा रस्ता एकच, आईला घेऊन मागणी घालायला. अम्म शहातांच्या हातातला सदरा गळून पडला. कुणीतरी शीळ घातली. मुरादने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो वळून निघून गेला.

मी खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसलं. सगळं हातचं घालवलं होतं मी.

संध्याकाळी दार वाजलं. बाबांनी उघडलं. समोर धापा टाकणारी एक जाडजूड बाई, हातात मिठाईचा खोका. तिच्या मागे इस्त्रीचा सदरा घातलेला मुराद.

"या, या," बाबा म्हणाले. "कसं काय येणं केलंत?"

मुरादने घसा खाकरला. "शेवट… शेवट ऐकायला आलोय."

"गाढवा!" त्याच्या आईने त्याला कोपर मारलं. "वाटभर घोकून घेतलं ना तुझ्याकडून? भाऊसाहेब, मी सांगते. आठवडाभर घरात एकच नाव चाललंय. आधी वाटलं झुमुर्रदा, मग कळलं नहला!"

बाबा हसू दाबत माझ्याकडे वळले. "काय गं, तुझं काय म्हणणं?"

मुराद आता हातभर अंतरावर होता. एवढा मोठा समुद्र रोज तुडवणारा माणूस… माझ्या एका शब्दासाठी श्वास रोखून उभा! मला वाटलं, जगात याहून मोठं नवल कुणाला सापडलं असेल?

"मला हाच हवा, बाबा," मी म्हणाले. "रविवारी गेला तरी चालेल. परत इथेच यायचं, एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या."

"कबूल," मुराद पुटपुटला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कबूल!"

खाली गल्लीत कुणीतरी आनंदाने आरोळी ठोकली. दार उघडंच राहिलं होतं.