बांगड्यांच्या दुकानातला तपास

लोणावळ्यात तुंगार्लीच्या वळणावर शहिस्ताचं बांगड्यांचं दुकान होतं आणि तिथे पुरुष सहसा पाऊल टाकत नसत. म्हणून त्या दुपारी, बाहेर पाऊस झोडपत असताना, गुलजार सरळ आत शिरला तेव्हा तिच्या हातातलं गिऱ्हाइकाचं मनगट सुटता सुटता राहिलं.

हा गुलजार बंगल्यांच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. दुकानासमोर आली की त्याची गाडी उगाच हळू व्हायची आणि शहिस्तालाही नेमकं तेव्हाच बाहेर बघायचं सुचायचं. वर्षभरात बोलणं मात्र एका शब्दाचंही नाही. आणि आज आला तो डोक्यावर चोरीचा आळ घेऊन.

वस्तीत काही हरवलं की लोक शहिस्ताकडेच येत. ती नीट ऐकायची, एवढंच. गुलजारने गिऱ्हाईक जाईपर्यंत दम धरला आणि सगळं सांगितलं. परवा एका बंगल्यातल्या आक्काबाईंना चक्कर आली. सून कोमल गाडी काढायला धावली आणि मोटार बघायला आलेल्या गुलजारने त्यांना उचलून गाडीत बसवलं. तेव्हापासून त्यांचं मंगळसूत्र गायब. आक्काबाई पुण्याच्या दवाखान्यात, ऑपरेशननंतर अजून शुद्धीवर नव्हत्या. कोमल चार वाजता पोलिसांत जाणार होती. एकदा तक्रार झाली की तुंगार्लीतलं एकही फाटक त्याला उघडणार नव्हतं.

“तुम्ही घेतलंत?”

“नाही.”

तो तिच्या डोळ्यांत बघत होता. तिला स्वतःचाच राग आला, कारण विश्वास ठेवायची तिला फार घाई झाली होती.

“मी तुमची बाजू घेणार नाही,” ती म्हणाली. “सापडेल ते सांगणार.”

“म्हणूनच तर… तुमच्याकडे आलो.”

साडेतीनला दोघं बंगल्यावर पोचले. कोमल लहानाची मोठी दुबईत झालेली. बोलणं गोड, चेहरा कडक. कपाटं पाहून झाली होती, लोणावळ्यातल्या सोनारांकडेही विचारून झालं होतं. सोनारांना कशाला, असं शहिस्ताने विचारलं.

“गाडीत बसल्यावर आई म्हणाल्या, मंगळसूत्र वाढवलंय. मला वाटलं, लांब करायला दिलं.”

शहिस्ता थबकली. तिच्या दुकानात रोज काच फुटायची, पण ‘फुटली’ असं कुठलीही सवाष्ण म्हणत नसे. बांगडी वाढवली, म्हणायची.

“ताई, ते लांब केलेलं नाही. तुटलंय. तसं बोलू नये म्हणून इकडे वाढवलं म्हणतात.”

“तुटलं?” कोमलची नजर गुलजारकडे वळली. “म्हणजे यांनी उचललं तेव्हाच…”

शहिस्ता गुलजारकडे वळली. आपणच त्याला खड्ड्यात ढकललं की काय?

“तुम्ही उचललंत तेव्हा त्यांच्या गळ्यात काय होतं?” तिने विचारलं. आवाज कोरडा ठेवायला तिला फार कष्ट पडले.

तो आठवू लागला. घड्याळात पावणेचार झाले होते. “पिवळा दोरा… हळकुंड बांधलेला.”

म्हणजे आधीच तुटलं होतं आणि गळा रिकामा नको म्हणून आक्काबाईंनी दोरा बांधला होता. मग तुटलेलं मंगळसूत्र कुठे ठेवलं असेल? असं सौभाग्याचं लेणं वाढवलं की कुंकवातच ठेवतात, हे तिने गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलं होतं. शहिस्ता देवघराच्या उंबऱ्याशी थांबली आणि तिने कोमलला कुंकवाचा करंडा उघडायला सांगितला.

आत नुसतं लाल कुंकू दिसत होतं. गुलजारने मान खाली घातली.

“बोट घालून बघा,” शहिस्ता म्हणाली.

कोमलच्या चिमटीत आधी काळे मणी आले, मग एक वाटी, मग दुसरी. ती मटकन खाली बसली आणि रडू लागली. सावरल्यावर तिने गुलजारपुढे हात जोडले.

फाटकाबाहेर दोघं एका छत्रीत उभे राहिले. छत्री एवढीशी, मध्ये अंतर मात्र भलतंच.

“एक सांगते,” शहिस्ता म्हणाली. “करंडा उघडेपर्यंत… माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास नव्हता.”

“मग आलात कशाला?”

“तुम्ही चोर निघालात, तर माझ्या डोळ्यांदेखत निघावं म्हणून. मग तुम्हाला विसरणं सोपं गेलं असतं.”

“आणि आता?”

“आता कसं जमणार…”

गुलजारने तिच्या हातातली छत्री घेतली आणि तिच्याकडे कलती धरली. त्याचा खांदा भिजत होता. तिने त्याची बाही धरून त्याला छत्रीखाली ओढलं.