शेंड्याचं पान

माझा स्वभाव संशयी आहे. दूधवाल्याचा माप घालताना हात हलला तरी मला शंका येते, आणि तेवीस वर्षं सासरची माणसं त्यावरून माझी थट्टा करत आली आहेत. तेव्हा पुढचं सगळं तेवढं वजा करूनच ऐका.

मे महिन्यात मी महाडहून शिवथरच्या खोऱ्यात माहेरी गेले, ती वडिलांच्या, आमच्या आबांच्या, उशाशी बसायला. डॉक्टरांनी उपचार थांबवले होते. आता फक्त वेदना कमी ठेवायच्या होत्या. दर आठवड्याला महाडहून श्रुतिका नावाची नर्स यायची, औषधं द्यायची, मला शिकवून जायची. दर दोन तासांनी कूस बदलायची. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पंपावर फुगणारी हवेची गादी घातली होती. तो पंप दिवसभर घुमत राहायचा. एक गोष्ट तिनं मला दोनदा बजावली होती.

"तोंडात काही घालू नका, ताई. त्यांना गिळता येत नाही. श्वासनळीत गेलं तर संपलंच. ओठांना ओला कापूस, बस्स."

मला आबांना शुक्रवारपर्यंत टिकवायचं होतं. माझा धाकटा भाऊ प्रवीण त्या दिवशी मस्कतहून येणार होता. डोळे उघडले की आबा एकच विचारायचे, "आला?"

सोमवारी दुपारी दोनच्या सुमाराला मी मागच्या दारी कपडे पिळून आत आले. आबांचे ओठ ओले होते. जिभेवर तुळशीचं पान. बोट घालून मी ते काढलं. माणूस जाताना त्याच्या तोंडात ठेवतात ते पान, आणि माझे आबा तर अजून श्वास घेत होते!

संशय कुणाचा घ्यायचा, हा प्रश्नच नव्हता. शेजारी राहणारी चंद्रभागा काकू, आबांच्या धाकट्या भावाची बायको, रोज येऊन तेच म्हणायची, "जीव अडकलाय गो भावजींचा. पान-पाणी दे नि सुटू दे त्यांना."

मंगळवारी पुन्हा पान. बुधवारी मी दुपारभर दारावर पाळत ठेवली. काकू फिरकली नाही, दुसरंही कुणी आलं नाही. आत जाऊन बघते तर पान होतंच. मग मात्र मी तिच्या अंगणात जाऊन भांडले.

"माझ्या लेकरांची शपथ, मी नाय," काकू म्हणाली. "अगो, आज द्वादशी हाय. आजच्या दिवशी तुळस कोण तोडतं?" मग तिचा आवाज उतरला. "तुझी आय गेली तवा तिच्या तोंडात कुणी घातलं व्हतं…?"

सात वर्षांपूर्वी त्याच खोलीत, दुपारी दोनलाच आई गेली. उशाशी बसायची पाळी माझी होती. मी ओटीवर फोनवर बोलत बसले होते. आत आले तेव्हा तिचं तोंड उघडं होतं, कोरडं. ते आजही माझा जीव खातं.

तरी राग काकूवरच काढला. द्वादशी असून घरची तुळस ओरबाडली आणि पानं ओढ्यात नेऊन टाकली. शेंड्याला एक कोवळं पान राहिलं. त्याला हात लावायला काही मी धजले नाही. काकू कुंपणापलीकडून बघत होती. "काय केलंस गो हे…" एवढंच म्हणाली.

गुरुवारी दोन्ही दारांना कडी घालून मी आबांचा हात धरून बसले. दोन वाजता वीज गेली. पंप थांबला, आणि खोली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटली. मग ओल्या लुगड्याचा वास आला. काकणं वाजली… अगदी हळू. कूस बदलताना आबांना लागतात म्हणून माझी काकणं तर मी कधीच काढून ठेवली होती.

आबांनी डोळे उघडले. माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाले, "आलीस…? बस." आणि लहान मुलासारखा आ केला.

मी मागे वळले. कुणी नव्हतं. पुन्हा आबांकडे वळले तर जिभेवर पान. कोवळं. मी ते काढून चुलीत टाकलं, कडी काढून अंगणात धावले. तुळशीचा शेंडा बोडका होता.

शुक्रवारी बाराला प्रवीण आला. आबांनी त्याला ओळखलं, त्याचा हात छातीशी धरून ठेवला. मी जिंकले असं मला वाटलं, खोटं कशाला बोलू? दोनला त्यांचा श्वास लांबत गेला.

"ताई, तुळशीचं पान आण," प्रवीण म्हणाला.

मी जागची हलले नाही. दारात उभी असलेली काकू तिच्या तुळशीकडे धावली. आबांनी दाराकडे बघत आ केला, वाट बघितली… काकू परत येईपर्यंत ते गेले होते. तोंड कोरडंच राहिलं. आईसारखंच. मी त्या दिवशी रडले ती आबांसाठी कमी आणि भीतीनं जास्त.

तेरावं आटोपून मी महाडला परत आले. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीत कोरफडीची एक कुंडी, तुळस नाही. परवाच्या सोमवारी दुपारी जरा डोळा लागला, आणि जाग आली ती जिभेला काहीतरी चिकटल्यामुळे. पान. मंगळवारीही. बुधवारी, गुरुवारीही. नवरा म्हणतो, चहातून आलं असेल.

आज शुक्रवार. राहवेना म्हणून श्रुतिकाला फोन करून बोलावून घेतलं. ती जेवणाच्या सुट्टीत आली. तिला समोर बसवून सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसंच.

"आज दुपारी माझ्यापाशी बसशील?" मी विचारलं. "पान आलं तर भीती वाटते. आज नाही आलं तर… त्याहून जास्त."

तिनं समजूत घातली नाही, ती हसलीही नाही. पिशवीतून छोटी बॅटरी काढली. घड्याळात दोन वाजत आले होते.

"तोंड उघडा बघू, ताई."

मी आ केला. श्रुतिकानं बॅटरी वर उचलली, पण तोंडात पाहिलंच नाही. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.